व्हर्सायला आधीच पोचलेलं जोडपं

चहा राहू दे, आधी हे ऐका. सिंगापुरात पुंगोलला नवीन फ्लॅट घेतला तेव्हाची गोष्ट. आमच्या हिनं हट्ट धरला, फ्रान्सला व्हर्सायचा राजवाडा बघायचा, आपण दोघंच, निवांत.

चिनी लोकांचा भुतांचा महिना चालू होता. मेलेल्यांना पोचावीत म्हणून ते बिल्डिंगखाली कागदाची घरं जाळतात. मी हिला चिडवायला त्या जाळात राजवाड्याचं चित्र अन् आमचा जोडीचा फोटो टाकला. म्हटलं, "घे, पोचलो फुकटात!"

ही रडकुंडीला आली. "अहो, ते मेलेल्यांसाठी असतं!"

संध्याकाळी हिनं व्हर्सायच्या एका लॉजला खोलीसाठी फोन लावला. मला कुठलं आलंय इंग्रजी! हिनं आमची नावं सांगितली, अन् मग फोनकडं बघतच राहिली.

"काय म्हणते लॉजवाली बाई?"

"म्हणते, तुम्ही दोघं आधीच आलात की. बागेत बसलाय."

मी ओरडलो, "ठेव फोन! जायचंच नाही."

"थांबा." हिनं अजून कायतरी विचारलं, ऐकलं, अन् फोन ठेवला.

"काय विचारलंस गं?"

"तो बागेतला म्हातारा बायकोची चेष्टा करतो का. नाही म्हणाली, तिचा हात धरून बसलाय."

मग माझ्याकडं न बघताच बोलली, "मी जाते त्यांच्याकडं. तुम्ही राहा इथंच."