लिम घराण्याची हरवलेली पिढी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कुलभवनाचे प्रमुख श्री. लिम टिआन हॉक, व्यासपीठावर बसलेले इतर कुलांचे आदरणीय प्रतिनिधी, सत्कारमूर्ती श्रीमती लिम गैक सिम आणि सकाळपासून भाजलेल्या डुकराच्या वासावर तग धरून असलेल्या माझ्या पिनांगच्या भाऊबंदांनो आणि भगिनींनो,

मासा टेबलावर येण्याआधी आवरा, असं आचाऱ्यानं मला बजावलंय. गैक सिम आत्यांनी अडतीस वर्षं आपली वंशावळ सांभाळली. ती मला मासा शिजेपर्यंत सांगायची आहे. जमेल का? बघू.

आपलं लिम हे आडनाव कुठून आलं, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. तीन हजार वर्षांपूर्वी पी कान नावाच्या प्रधानानं राजाला त्याच्या तोंडावर चार खरे शब्द सुनावले आणि राजानं त्याचं काळीज काढवलं. त्याची बायको पोटुशी होती. ती रानात पळाली आणि तिथंच बाळंत झाली. पुढं राज्य बदललं. नव्या राजानं त्या पोराला आडनाव दिलं लिम, म्हणजे वन. मग शतकं लोटली, लढाया झाल्या. आपली माणसं उत्तरेतून दक्षिणेला सरकत सरकत फूजिआनच्या किनाऱ्याला लागली. तिथल्या चिओफो गावातून आपल्या शाखेचे मूळपुरुष लिम पेक सुआन गलबतात बसले आणि इथं पिनांगला उतरले. भाषणात आपण हे सगळं छाती फुगवून सांगतो. पण रानात बाळंत झालेल्या त्या बाईपाशी मात्र कुणी फार वेळ थांबत नाही. मीही आजवर कधी थांबलो नव्हतो.

सहा वर्षांपूर्वी आम्ही काही जण चिओफोला गेलो, ते तुम्हाला आठवत असेल. गावची मूळ वंशावळ तीस वर्षांनी एकदा नव्यानं छापतात आणि त्यात पिनांगची आपली एकशे सत्तर नावं जोडायची होती. तिथले वंशावळकार लिम ओंग काई, वय वर्षं ब्याऐंशी. त्यांनी आमचा कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. पिढ्यांच्या कवनातलं एकेक अक्षर एकेका पिढीच्या नावात येतं, हे तर आपण जाणतोच. पेक सुआन ‘पेक’ पिढीचे. त्यांचा मुलगा ‘इन’ पिढीचा हवा. आणि आमच्या कागदावर त्यांचा मुलगा म्हणून होते सिओंग ही, म्हणजे थेट त्याच्या पुढची पिढी. मधला माणूस कुठाय, असं त्यांनी विचारलं. तो सापडला नाही, तर तुमची शाखा जोडता येणार नाही आणि पुढची छपाई तीस वर्षांनी, असं सांगून त्यांनी आमच्यापुढं चहा ठेवला. आमच्या अध्यक्षांचं वय तेव्हा बहात्तर. पुढच्या छपाईला ते नसणार, हे त्यांना दिसत होतं. परतीच्या प्रवासात ते आमचा कागद पुन्हा पुन्हा उलगडून बघत होते.

मग आमच्या समितीनं काय केलं? आज कबूल करतो, कल्पना माझीच होती. आम्ही एक पूर्वज तयार केला. नाव ठेवलं लिम इन तेक. स्वभाव शांत, व्यवसाय मिरीचा, मृत्यू तापानं. बायकोचं नावसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. कागद आत्यांसमोर नेला, त्यांनी तो नीट वाचला आणि मला विचारलं, “केंग वा, बाळंतपण छान केलंस. आता याचं थडगं दाखव. छिंगमिंगच्या सणाला मी झाडू कुठं मारू?”

कागद परत आला. इन तेक जन्मला त्याच दिवशी वारला.

आत्यांच्या मनात दुसरंच काही होतं. छिंगमिंगला थडगी झाडून झाली की आपण सगळे पुरुष पेक सुआन यांच्या थडग्यापुढं उदबत्त्या घेऊन उभे राहतो आणि शिळेवरची मोठी अक्षरं लाल रंगानं गिरवतो. बायका खाली उकिडव्या बसून फळं मांडतात. चाळीस वर्षं फळं मांडताना आत्यांना एक गोष्ट दिसत होती. शिळेच्या डाव्या कडेची बारीक अक्षरं खाली उतरत उतरत सिमेंटच्या ओट्यात शिरत होती. तो ओटा माझ्या वडिलांनी बांधलेला, नैवेद्याचं डुक्कर ठेवायला. आत्या म्हणाल्या, ओटा फोडा.

पूर्वजाच्या थडग्याला पहार लावायची? समितीत गदारोळ झाला. वास्तू बिघडेल, पोरांची लग्नं मोडतील, कुणी म्हणालं दुकानं बसतील. अध्यक्ष तर हात जोडून म्हणाले, “ताई, पूर्वज कोपले तर काय करायचं?”

“कोपले तर माझ्यावर कोपू देत,” आत्या म्हणाल्या. “मी मुलगी. वंशावळीत माझं नावच नाही. मला शोधणार कुठं?”

सभागृह हसलं, मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र ध्यानात आलं. जिनं आपल्या सगळ्यांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिली, तिचं स्वतःचं नाव त्यात नाही आणि हे अडतीस वर्षांत आपल्यापैकी एकालाही खटकलं नाही. मला याची लाज वाटली. आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी पहार मीच घेतली. ओट्याखाली तीन नावं निघाली. लेक लिम गुआत निओ, घरजावई तान साहेब आणि नातू लिम सिओंग ही. पेक सुआन यांना मुलगा नव्हताच, मंडळी. मुलगी होती. तिनं जावई घरात आणला, मुलाला आपल्या बापाचं आडनाव दिलं आणि कवनातलं बरोबर अक्षर दिलं. चूक तिची नव्हती. नंतर लिहिणाऱ्यांनी तिला गाळलं आणि आम्ही वर्षानुवर्षं आपल्या आजीवर डुकराचं ताट ठेवत आलो.

आत्यांनी शिळेचा ठसा चिओफोला पाठवला. पाच महिने उत्तर नाही. अध्यक्ष रोज टपालाच्या वेळी दारात. शेवटी ओंग काई आजोबांचं पत्र आलं. ते लिहितात, “आमच्या पोथीत मुली लिहीत नाहीत. पण रानात जी बाळंत झाली, तिनं आडनावाची वाट पाहिली नव्हती. गुआत निओचं नाव मी माझ्या हातानं लिहितो आहे.”

छपाईला काही वर्षं लागली आणि ती पोथी या मंगळवारी आली. अध्यक्षांसमोर लाल कापडात आहे, तीच. आत्यांनी ती अजून पाहिलेली नाही. त्यांनी चिओफोला पाठवली होती एकशे सत्तर नावं आणि गुआत निओ. त्यानंतर त्यांना न विचारता अध्यक्षांनी आणि मी आणखी एक पत्र धाडलं. पहिल्यांदाच आम्ही एका मुद्द्यावर एकमतानं सही केली.

आत्या, चष्मा लावा. पान दोनशे बारा, टिआन पिढी, आपल्या अध्यक्षांच्या शेजारी. लिम गैक सिम, कन्या, पिनांग शाखेची वंशावळकार. खाली नात्यातल्या बाकीच्या त्रेसष्ट मुलींची नावं आहेत. तुमचं पहिलं आहे.

आता पूर्वज कोपले, तर तुम्हाला शोधणं त्यांना सोपं जाईल.

अध्यक्षांनी बोलू दिलं आणि तुम्ही उपाशीपोटी ऐकलंत, दोघांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. माझ्या लिम इन तेकलाही माफ करा. बिचारा चांगला माणूस होता, फक्त झाला नव्हता.

मासा आला. नमस्कार.