बावीस फूट नावं

ही १९९९ सालची गोष्ट. डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे पेंटर आणि त्यांची बायको बसली होती. ऑपरेशनआधीचे थेंब घातल्यामुळे पेंटरना सगळं धूसर दिसत होतं.

“किती वाजले?”

“अकरा. मघाशीच सांगितलं ना.”

“बाराला टीव्ही केंद्राचं गोदाम रिकामं करणार. माझी श्रेयनामावलीची पट्टी भंगारात जाईल. मी जातो.”

“कुठे जाता? समोरचा खांब तरी दिसतोय का?”

“बावीस फूट काळा कागद! मालिकेतल्या प्रत्येकाचं नाव हातानं लिहिलंय मी.”

“आणि कॅमेऱ्यासमोर त्या पट्टीचा रूळ फिरवला कोणी? खांदा अजून दुखतो माझा.”

“एक अक्षर हललं नव्हतं. हल्ली नावं नुसती भुर्रकन उडून जातात. तू जा ना!”

“आणि तुम्हाला आत कोण नेणार?”

“या बाई नेतील. न्याल ना हो?”

“अहो, ओळख ना पाळख!”

“पळ गं. टॅक्सी कर.”

त्या गेल्या. मी पेंटरना हात धरून आत सोडलं.

दोन वर्षांनी त्या तिथेच भेटल्या, स्वतःच्या डोळ्यांसाठी.

“मिळाली का हो पट्टी?”

“मिळाली. यांचा डोळाही छान झाला. पट्टी उलगडून बघितली आणि म्हणाले, ‘अगं, ही नावं तर सगळी वाकडी आहेत!’ लगेच नवा कागद आणायला पिटाळलं मला.”

“मग?”

“वर्षभर लिहीत होते. गेले तेव्हा सात नावं राहिली होती. माझा नंबर लवकर लागेल का हो? अजून चार लिहायची आहेत मला.”