पेरुंगुडीच्या मातीतले जीव

सन्माननीय अध्यक्ष विद्याधरराव, प्रमुख पाहुणे आणि आमच्या कॉलेजचे प्राचार्य श्रीहरी सर, आजच्या सत्कारमूर्ती डॉ. कनकाबाई, आणि मराठी मंडळाच्या या सभागृहात अगत्याने जमलेल्या बंधुभगिनींनो,

'कनकाबाई' म्हणताना जीभ अडते. त्या माझ्या सख्ख्या आत्या, आणि प्रयोगशाळेत माझ्या मार्गदर्शकही. एखादा शब्द चुकू नये म्हणून मी भाषण लिहून आणलं आहे.

लहानपणी दम्यामुळे मला शाळेत धाडत नसत. नुंगंबाक्कमच्या घरी आत्याच शिकवायची. एकदा पेरुंगुडीजवळच्या भातशेतातल्या मातीचा डबा पुढ्यात ठेवून म्हणाली, "शेतात शेंगदाण्याची पेंड घालतात. भाताला दात कुठे आहेत गे ती खायला?"

"मग कोण खातं?"

"चल, दाखवते."

तिने मला प्रयोगशाळेत नेलं. दूध-पावडर घालून थिजवलेल्या पांढऱ्या बशीत त्या मातीचं पाणी पसरलं. दोन दिवसांनी पाहिलं, तर पांढऱ्यात जागोजागी स्वच्छ गोल उमटलेले! प्रत्येक गोलाच्या मधोमध जिवाणूंचा ठिपका. दुधातली प्रथिनं त्यांनी फस्त केली होती. पिकाला घास चावून देणारे ते हेच.

पुढे कळलं, खाचरात पाण्याखाली एक मंडळी, बांधावर दुसरी, शेजारच्या वांग्याच्या वाफ्यात तिसरीच. कुणाचा गोल मोठा, कुणाचा जेमतेम. एवढी विविधता एका शेतात असेल, असं कुणाला वाटलं असतं?

मी प्रयोगशाळेत काम करू लागले, तेव्हा आमचा सहकारी संकेत नुकताच पुण्याहून आला होता. त्या बशांसाठी दूध वेगळं निर्जंतुक करायचं असतं. त्याने सगळं एकत्रच कुकरात घातलं. दूध तपकिरी होऊन फाटलं. आत्या म्हणाली, "बासुंदी केलीस? वेलची घाल आता." तो म्हणाला, "मॅडम, ती तुमच्या ड्रॉवरमधली घेऊ का?" त्या दिवशी आत्या किती हसली होती!

पेरुंगुडीजवळच्या त्या खाचरांवर आज इमारती आहेत. तुमच्यापैकी कुणी तिथे राहतही असेल. तुम्हाला दोष देत नाही. पण तिथल्या मातीतले जीव आता माझ्या माहितीप्रमाणे फक्त आत्याच्या फ्रीझरमधल्या नळ्यांत आहेत. तिच्या निवृत्तीनंतर प्रयोगशाळेची ती खोली संगणकांना मिळणार आहे. फ्रीझर सोमवारी रिकामा करायचा, असं ठरलं आहे.

येताना मी आत्याला म्हटलं, "सरांना विचारते." ती म्हणाली, "अय्यो, सत्काराच्या व्यासपीठावर मागणं करतात का? पोदुम! पुरे!"

आत्या, तुझा शब्द मी सहसा मोडत नाही. पण सर, ते शेत पुन्हा आणता येणार नाही. फ्रीझर एखाद्या कोपऱ्यातही मावेल. नळ्यांची देखभाल मी करीन, मला नोकरी कुठेही लागो. ठेवाल का?

आत्या मला खाली बसायची खूण करते आहे. मंडळाचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्यावं. या मागण्याची मात्र मी क्षमा मागत नाही. सर उत्तर देईपर्यंत इथेच उभी राहते.