बुरशीवाली

बायको : हे कपाट कोणी रिकामं केलं?

नवरा : मी. सकाळी तू बाहेर गेलीस तेव्हा. आधी बस, पाणी पी.

बायको : पाणी नको. माझ्या बश्या कुठे आहेत?

नवरा : फेकल्या. उकळतं पाणी ओतलं, फिनेल टाकलं, पिशवीचं तोंड बांधलं आणि कचऱ्याच्या गाडीत दिलं सगळं. गाडी गेली. आता आदळआपट करून उपयोग नाही.

बायको : मला विचारलंत सुद्धा नाही.

नवरा : विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस? अगं, बेकरी आहे आपली. खाली पाव विकायचा आणि वर बश्यांत बुरशी पाळायची. काल शाळेच्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, उद्यापासून मुलांसाठी पाव नको, तुमच्या घरात बुरशी वाढवतात म्हणे. काय बोलणार होतो मी?

बायको : त्यांना कळलं कसं?

नवरा : लोक बोलतात.

बायको : लोकांना कोणी सांगितलं? ही खोली मागच्या बाजूला आहे, जिना घरातून आहे. त्यांना काय भिंतीतून दिसलं?

नवरा : मी कधीतरी हसण्यावारी म्हणालो असेन.

बायको : कधीतरी नाही, रोज. गल्ल्यावर बसून. 'आमची बायको जरा येडी आहे, लोक कुत्री पाळतात, ही बुरशी पाळते.' मी आत पाव कापत असते, सगळं ऐकू येतं मला. गिऱ्हाईक हसतं आणि तुम्हाला बरं वाटतं.

नवरा : येडी म्हणजे काय शिवी आहे का? प्रेमाने म्हणतो.

बायको : प्रेमाने म्हणायचं तर घरात म्हणा, माझ्या तोंडावर म्हणा. आता भाजीवाला पण विचारतो, तुम्हीच का त्या बुरशीवाल्या. आणि गच्चीवरची तुमची कबुतरं? पिठाच्या गोण्यांवर पिसं पडतात त्यांची. त्यावरून तुम्हाला काय म्हणतात लोक? शौकीन माणूस.

नवरा : कबुतरांचं वेगळं आहे. चार माणसं पाळतात कबुतरं.

बायको : म्हणजे चौघांनी केलं की शौक आणि एकटीने केलं की येड.

नवरा : शब्दाने शब्द वाढवू नकोस.

बायको : वाढवलात तुम्ही. शाळेचं गिऱ्हाईक तुमच्या तोंडामुळे गेलं आणि राग काढलात माझ्या कपाटावर. आता मी वर जाऊन पिंजरा उघडू?

नवरा : खबरदार पिंजऱ्याला हात लावलास तर.

बायको : बघा. लागलं ना लगेच.

(नवऱ्याची आई धापा टाकत जिना चढून येते.)

आई : काय चाललंय? खाली गिऱ्हाइकं कान टवकारून उभी आहेत.

नवरा : तू मध्ये पडू नकोस, आई. तूच म्हणायचीस ना, घरात ही घाण नको? काढली.

आई : म्हणायचे. म्हणजे तिच्या माघारी फेकून दे म्हणाले होते का? आणि खिडकीतली बरणी कुठे आहे?

नवरा : कुठली?

आई : काचेची. तोंडाला फडकं बांधलेली.

नवरा : ती पण गेली. फेस आला होता, आंबट वास मारत होती. मला वाटलं हिचंच काहीतरी.

आई : आंबवण होतं ते.

नवरा : आंबवण चिनी मातीच्या बरणीत असतं.

आई : ती तडकली. खाली भट्टीच्या गरमीने फार फसफसतं, म्हणून परवा इथे थंडाव्याला आणून ठेवलं. तुझ्या बाबांनी लावलेलं. ते गेल्यापासून मी रोज मूठभर पीठ घालून जगवलंय. त्याच्यावर तुझा पाव फुगतो, मेल्या. इतकी वर्षं बेकरीचा मालक म्हणवतोस, तुला ते ओळखू येऊ नये?

नवरा : मला काय माहीत. सगळं सारखंच दिसतं.

बायको : दिसणारच. कधी वाकून पाहिलंत?

नवरा : अगं, तुझ्याकडे थोडं असेल ना? तू सगळ्यातलं थोडं थोडं काढून ठेवतेस.

बायको : ठेवलं होतं. दुसऱ्या फळीवर, कडेच्या बशीत. तेही गाडीत गेलं.

नवरा : बरं. बाजारातून यीस्ट आणतो. आजचं तरी भागेल.

आई : आण. आणि पावाला आज चव का नाही असं कोणी विचारलं, तर तेही हसण्यावारी सांग. जा आता, माझ्यासमोर उभा राहू नकोस.

नवरा : जातो.

आई : तू रडून घे गं.

बायको : मी रडत नाहीये. मला राग आलाय. आणि खरं सांगू आई, बरणी गेली नसती तर तुम्ही दोन शब्द बोलून आल्या पावली खाली गेला असता.

आई : गेले असते.

बायको : मग आता तरी कशाला थांबलात?

आई : बस इथे. काय काय होतं त्या बश्यांत, सांग मला.

बायको : इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही.

आई : मी विचारतेय. सांग.

बायको : पहिली लिंबाच्या सालीवरची. निळी, कडेने पांढरी. एका बशीतून दुसऱ्या बशीत घेत घेत जगवली होती.

आई : ती तू माहेरून आणलेली?

बायको : तीच.

आई : ती पण गेली?

बायको : ती पण.