एका दांड्यावर एकच फूल

"हॅलो?… कोण, एव्हिस? अगं, आवाज किती तुटतोय… फूल? कसलं फूल?"

लॉर्नाने किटलीखालची शेगडी बंद केली. धाकट्या बहिणीने उभ्या जन्मात कधी फुलाचं नाव विचारलं नव्हतं.

"पिवळं बटण… हो, हो, पाकळ्या नाहीत, कळलं. अगं ऐक ना, पानं कशी आहेत? राखाडी, लवदार?… हिरवी. बारीक. दांड्यावर घोस आहे की एकच फूल?… नीट बघ… एकच?"

लॉर्ना खुर्चीवर टेकली. शेवंतीच्या कुळातलं हे रानफूल, रिंकलवर्ट, स्किप्टन गावच्या माळांवरून नांगराखाली केव्हाच गेलं होतं. पण विचारणारी क्लेमची बायको. याच मेहुण्याला लॉर्नाने एकदा भाबडेपणाने त्याच्या रानातलं दुर्मिळ ऑर्किड दाखवलं, आणि रान राखीव होईल या भीतीने, सरकारी माणसं बघायला येण्याआधीच त्याने तिथे तणनाशक मारलं होतं.

"तुला का गं एवढी चौकशी?… सहज? क्लेमने विचारायला लावलंय ना?… मग कुठाय तो?… जवळच. वाटलंच."

कुठेतरी पाणी मुरत होतं. दुर्मिळ म्हणावं, तर संध्याकाळपर्यंत क्लेमने माळ उलथून टाकलेला असेल. लॉर्नाने आवाज सपाट ठेवला.

"साधं आहे ते. रस्त्याकडेला ढिगाने उगवतं… हो, खात्री आहे… एव्हिस? रडतेस का?… ही घरघर कसली?"

मग एव्हिस बोलत गेली आणि लॉर्ना खुर्चीवरून ताडकन उठली. क्लेम नांगर जोडून माळावर आला होता, आणि एव्हिस ट्रॅक्टरपुढे आडवी उभी होती. लॉर्ना दुर्मिळ म्हणाली तर हलणार नाही, साधं म्हणाली तर बाजूला होईन, असा तिने नवऱ्याला शब्द दिला होता.

"थांब. हलू नकोस… मी खोटं बोलले. तेच आहे ते, रिंकलवर्ट… मला वाटलं, तुम्ही दोघं मिळून… हो, तूसुद्धा… शिव्या मागाहून दे गं. आधी खाली बस. त्या फुलांतच बस."

घरघर वाढली. मग एकाएकी थांबली. पलीकडे नुसता वारा.

"एव्हिस?… उतरला तो?… काय म्हणतो?… माझ्या तोंडून, समोरासमोर ऐकायचंय? निघालेच मी. आणि एव्हिस, तुझ्याबद्दल मी जे…"

एव्हिसने फोन ठेवला होता.