मधल्या दिवसांची हवा

घोडपदेवच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक आत्या आणि तिचा भाचा बसले होते.

"म्हणजे खोकला माझाच, धुळीचा नाही, हर्ष. शेजारच्या चाळीच्या पाडकामाच्या आठवड्यात हवा चांगली होती, असं तुझ्या ऑफिसनं आमच्या तक्रारीवर कळवलं."

"आत्या, पाणी घे."

"घेते रे. मशीन कशाला खोटं बोलेल?"

"हवा मोजायचं मशीन तेव्हा बंद होतं. धुळीनंच चोंदलं होतं."

"मग आकडे कुठून आले?"

"मी भरले. आधीचा आकडा आणि नंतरचा घेऊन मधले काढले. तशी पद्धत आहे."

"आधी पाडकाम सुरू झालं नव्हतं. नंतर थांबलेलं."

"हो."

"आणि ज्यांच्या सह्या तक्रारीवर घेतल्या, त्यांची मी दारोदार माफी मागून आले. म्हटलं, माझ्या भाच्यानं मोजलंय."