अतांगाची रांग

मिन्त्सा : ...आणि तू रडलीस का, हेही मावशीने विचारायला सांगितलंय.

आंदेमे : काय सांगणार आहेस?

मिन्त्सा : सांगेन, संगणकासमोर बसली होती. खरं तेच.

(लिब्रव्हिलमधली वन-सर्वेक्षणाची कचेरी. सकाळ. पडद्यावर वरून टिपलेलं जंगल. आंदेमेची नजर तिथेच.)

आंदेमे : बस ना, दादा. रात्रभर गाडीत होतास.

मिन्त्सा : बसूनच आलोय. पायाशी कुणाची तरी कोंबडी, मांडीवर कुणाचं तरी पोर. हे घे, कसाव्याच्या कांड्या. आईनेच पानात बांधल्या होत्या, जायच्या आदल्या दिवशी.

आंदेमे : ठेव तिथे.

मिन्त्सा : शुक्रवारी तिला शवागारातून आणायचं. पुरायचं कुठे, ते मात्र तुझ्या हातात आहे.

आंदेमे : माझ्या? बाबांच्या शेजारी ना, घरामागे.

मिन्त्सा : तिला एबोमानला जायचं होतं.

आंदेमे : जुन्या गावात? सगळ्यांना तिथून उठवून रस्त्याकाठी आणलं, तेव्हा तू जन्मलाही नव्हतास.

मिन्त्सा : माझ्याआधी एक जन्मला होता. तिथेच गेला. घरामागे पुरला आणि आईने त्याच्यावर अतांगाचं रोप लावलं. त्याचं नावही मिन्त्साच. तेच मग मला दिलं.

आंदेमे : मला कधी बोलली नाही.

मिन्त्सा : तुला दरवर्षी टोपलीभर अतांगं यायची ना? ती बाजारातली वाटली तुला?

आंदेमे : हो. मग यायची बंद झाली. मला वाटलं, ती थकली.

मिन्त्सा : थकतेय कसली! रक्षकांनी वाट अडवली. म्हणे, हा जंगलाचा गाभा, इथे माणसाने पाऊल टाकायचं नाही. पहाऱ्यावर कोण, तर आपल्या मावशीचाच बिलोघो. त्यानेच आईला परत पाठवलं. म्हणाला, मावशी, हद्द तुझ्याच लेकीने आखलीय.

आंदेमे : तिने मला फोन नाही केला.

मिन्त्सा : नाहीच करणार. गावभर सांगायची, आंदेमेने आखलंय म्हणजे बरोबरच असणार.

आंदेमे : ...इकडे ये. हे एबोमान.

मिन्त्सा : हे? कसाव्याच्या पाल्याची भाजी सांडल्यासारखं दिसतंय.

आंदेमे : प्रत्येक जातीचं पान उजेड वेगळ्या तऱ्हेने परत पाठवतं. आपल्याला सगळं हिरवंच, उपग्रहाला वेगवेगळं. थोड्या जागेत जितक्या छटा, तितक्या जाती. अख्ख्या राखीव जंगलात सगळ्यात जास्त छटा इथे निघाल्या. म्हणून मी इथे गाभा धरला.

मिन्त्सा : निघणारच. अतांगा, कोला, रानआंबा, तेलताड... बायकांनी परसात लावलेलं सगळं.

आंदेमे : झाडांची ही सरळ रांगही दिसली होती मला. जंगल रांगेत वाढत नाही, हे ठाऊक होतं. पण चित्रावर कधी कधी यंत्राच्या दोषाने असे पट्टे उमटतात. मला तो पट्टाच वाटला. मी तो पुसला आणि पुढे गेले.

मिन्त्सा : मग आता लिही की इथे गाव होतं.

आंदेमे : लिहिलं तर हा तुकडा गाभ्यातून निघेल. माणसाने लावलेलं गाभ्यात धरत नाहीत. वाट उघडेल. पण नदीपलीकडच्या लाकूडवाल्यांना हा तुकडा केव्हाचा हवाय.

मिन्त्सा : म्हणजे लिहिलं तर झाडं जाणार, नाही लिहिलं तर आई बाहेर राहणार.

आंदेमे : हो.

मिन्त्सा : किती सरळ सांगतेस गं. रेडिओवर हवामान सांगितल्यासारखं.

आंदेमे : दुसरं कसं सांगतात, ते मला आठवत नाहीये, दादा. परवापासून हे हातसुद्धा दुसऱ्या कुणाचे वाटतायत.

मिन्त्सा : ...बिलोघो म्हणतोय, न लिहिताही जमेल. तो पहाटे वाट सोडेल आणि तोंड बंद ठेवेल.

आंदेमे : चोरून पुरायचं? तिच्याच झाडाखाली?

मिन्त्सा : मग काय करू? मावशीला काय सांगू?

आंदेमे : झाड कुठलं?

मिन्त्सा : रांगेतलं शेवटचं. नदीच्या बाजूचं.

आंदेमे : हे. याचाच माथा सगळ्यात रुंद आहे.

मिन्त्सा : काय लिहितेयस?

आंदेमे : जुनी वस्ती. लावलेली झाडं. आज पाठवलं की उद्या बिलोघोच्या चौकीवर कळेल. कबरी असतील तर त्याही लिहायच्या असतात. कबरी असल्या की लाकूडवाल्यांना जागा देताना विचार करतात.

मिन्त्सा : म्हणजे देत नाहीत?

आंदेमे : विचार करतात. कधी कधी तरीही देतात.

मिन्त्सा : हं. आणि कबरी किती लिहिल्यास?

आंदेमे : दोन.

मिन्त्सा : एकच आहे, आंदेमे.

आंदेमे : शुक्रवारी दोन होतील.